जगण्याची परवानगी

‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र कोविडच्या काळात घरोघरी पोचला. जणू प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी! शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. लढणाऱ्या पेशी वाढवणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्यांतल्या कोणत्या जगवायच्या हे ठरवणेही.

विषाणू शिरला की त्याला ओळखणाऱ्या मूठभर टी पेशी (लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) भराभर विभागून आठवड्याभरात अफाट वाढतात. संसर्ग ओसरला की त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक मरतात. बहुतेकींना बाहेरून कोणी मारत नाही. ‘जग’ असे सांगणारे संदेश आटतात, म्हणून त्या संपतात. पेशीच्या आत बिम हे प्रथिन तिला मरणाकडे ओढत असते, बीसीएल-२ तिला धरून ठेवते. या रस्सीखेचीत कोणाची सरशी होणार, हे पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारी प्रथिने, ठरवतात. एक रिसेप्टर विषाणूचा तुकडा ओळखतो; सीडी२८ हा दुसरा रिसेप्टर वेगळ्या संदेशाने त्याला दुजोरा देतो. दुजोरा नसेल तर पेशी सहसा थंड पडते. आपल्याच अवयवांवर हल्ला होऊ नये म्हणून हा पहारा.

मग मागे उरते कोण? सुसान केच, रफी अहमद या प्रतिकारशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी २००३ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, ‘जग’ असे सांगणाऱ्या इंटरल्युकिन-७ या संदेशाचा रिसेप्टर टिकवून धरणाऱ्या पेशीच पुढे स्मृतिपेशी, म्हणजे विषाणूची ओळख जपणाऱ्या पेशी, होतात. नुसता रिसेप्टर पुरत नाही, हेही नंतर कळले; पेशीची आतली तयारीही लागते. अशा पेशी दीर्घकाळ टिकतात. २००३ मध्ये सार्समधून बरे झालेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या.

ही गोष्ट फक्त टी पेशींची नाही. जीवशास्त्रज्ञ मार्टिन रॅफ यांनी १९९२ मध्ये मांडले होते की, बहुतेक पेशींना जगण्यासाठी इतर पेशींचे संदेश सतत लागतात. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. जगणे हा पेशीचा एकटीचा हक्क नाही; ते तिला इतरांकडून मिळत राहते.

हे ज्ञान आता औषधात उतरले आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून घडलेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या कर्करोगावरील उपचारात रुग्णाच्याच टी पेशींवर कृत्रिम रिसेप्टर बसवतात. त्यात ४-१बीबी या रिसेप्टरचा तुकडा असतो, तो पेशींना तग धरायला मदत करतो. पेशीला शत्रू दाखवून भागत नाही, तिच्या टिकण्याची सोयही करावी लागते. म्हणून प्रतिकारशक्तीचे मोल नुसत्या वाढीत नाही, निवडीतही आहे: योग्य पेशी राखणे आणि बाकीच्यांना वेळेवर निरोप देणे.