दंड कुणाला करायचा?

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. मजुरीवर जगणाऱ्या घराला त्या काळी हा रुपया चांगलाच जाणवत असणार. मुलाचं शिकणं आईबापांच्या मर्जीवर सोडायचं नाही, हा त्यामागचा निर्धार होता. आज पोरं शाळेत येतात, हजेरी लागते. पण रोज शाळेत येऊन, पाचवीपर्यंत पोचूनही ज्याला वाचता येत नाही, त्याच्या बाबतीत दंड कुणाला करायचा?

असं मूल बहुतेक शिक्षकांनी पाहिलेलं असतं. वाच म्हटलं की ते उभं राहतं आणि धडा धडाधडा म्हणतं. जवळ जाऊन पाहावं, तर तोंड तिसऱ्या ओळीवर आणि बोट अजून पहिल्याच. धडा ऐकून पाठ झालेला असतो. भलतंच पान उघडून दिलं की 'घर'चं 'धर' होतं, जोडाक्षर आलं की पाणी प्यायला जायचं असतं. इंग्रजीच्या तासाला बी आणि डी एकमेकांत मिसळतात, पण वही मात्र नेटकी, कारण फळ्यावरचं सगळं त्यानं चित्र उतरवावं तसं उतरवलेलं असतं. वाचता येत नाही हे लपवण्यासाठी हे मूल दिवसभर इतकं राबतं, की त्याला आळशी म्हणणारा माणूस मला निर्दय वाटतो.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व धरलं होतं, अशा मुलाची अडचण अनेकदा जिच्यात मोडते ती अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं यादी एकवीसवर नेली आणि तिला जागा मिळाली. महाराष्ट्रात परीक्षेच्या सवलती त्याच्या बऱ्याच आधीपासून आहेत: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी, एखाद्या भाषेऐवजी दुसरा विषय. या सवलती हव्यातच, त्यांच्यामुळे कितीतरी मुलं दहावी ओलांडून पुढे गेली. मला खुपतं ते वेगळंच. अध्ययन अक्षमतेचा दाखला हातात पडला की शाळाही सुटकेचा निःश्वास टाकते आणि घरही. मग त्या मुलाला वाचायला शिकवायचं राहूनच जातं. लेखनिक पेपर लिहून देईल, पण औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचून द्यायला तो जन्मभर सोबत असणार नाही.

आणि शिकवता येतं. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात घालून दिलेली वाट आजही चालते: एका वेळी एकच ध्वनी, त्याचं अक्षर डोळ्यांनी पाहायचं, तोंडानं म्हणायचं, बोटानं गिरवायचं आणि पक्कं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यासाठी महागडं साहित्य लागत नाही. ताटातली वाळू पुरते, रांगोळी पुरते. लागतो तो वेळ, आणि चाळीस पोरांच्या वर्गात बाईंकडे नेमका तोच नसतो. तालुक्यातले विशेष शिक्षक शाळाशाळांतून फिरतात, एका मुलाच्या वाट्याला ते कितीसे येणार?

त्यात इंग्रजी. २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे आणि कोल्हापुरातही गल्लोगल्ली इंग्रजी माध्यमाच्या शाळा उभ्या राहिल्या. मराठीत 'क' बहुतेक 'क'च राहतो. इंग्रजीत एकच सी कुठे 'क' होतो, कुठे 'स', आणि 'कट' व 'पुट' यांतला यू एकच असतो. अक्षर-ध्वनीचं नातं जुळवायलाच ज्या मुलाला त्रास होतो, त्याला घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत आधी हे कोडं घालणं मला अन्यायाचं वाटतं. त्यानं आधी घरच्या भाषेत वाचतं व्हावं. तोवर इंग्रजी कानावर पडू दे, तोंडात रुळू दे. गोष्ट ऐकू दे, दुकानदार-गिऱ्हाईक खेळू दे. पण त्याला इंग्रजीची गरजच काय, असं म्हणून हात झटकू नयेत. बँकेच्या कागदांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे इंग्रजी आहे.

नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरातच हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. संस्थेच्या उचगावच्या समर्थ शाळेत दिव्यांग मुलं इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून शिकतात. तिथे उतार, रुंद दारं, चाकाची खुर्ची, अशी अडचण आणि तिच्यावरचा उपाय दोन्ही डोळ्यांना दिसतात. न वाचता येणाऱ्या मुलाची अडचण दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी उतार बांधत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं भारतीय भाषांतल्या मुलांचा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, ओळखण्याची चाचणी तयार केली आहे, तीत मराठीही आहे. दुसरी-तिसरीतच ती प्रत्येक शाळेत व्हायला हवी, आणि त्यात सापडलेल्या मुलाला रोज अर्धा तास स्वतंत्र शिकवणारा माणूस मिळायला हवा. त्या माणसाचा पगार कुणी द्यायचा, हे जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात लिहिलेलं मला वाचायचं आहे.