हात कधी सोडायचा?

मनवेलपाड्यात आमच्या इमारतीत राहणाऱ्या काकांच्या मेंदूत दोन वर्षांपूर्वी एका पहाटे रक्ताची गुठळी अडकली. हातपाय शाबूत राहिले, वाचा गेली नाही, म्हणून सर्वांनी परमेश्वराचे आभार मानले. पण काकींच्या लक्षात आले की काका डावीकडच्या चौकटीवर खांदा आपटतात. डावीकडून येणारी रिक्षा त्यांना दिसतच नाही. चष्मा बदलून पाहिला, उपयोग शून्य! दोष डोळ्यांत नव्हताच.

डोळा प्रकाश टिपून आत पाठवतो. त्याचा अर्थ लावण्याचे काम मुख्यतः डोक्याच्या अगदी मागच्या भागात, मानेच्या वर सुरू होते. डावीकडचे दृश्य, मग ते कोणत्याही डोळ्याने टिपलेले असो, मेंदूच्या उजव्या भागात जाते. उजवीकडचे डाव्या भागात. काकांचा उजवा भाग रक्ताअभावी निकामी झाला आणि डोळे धड असूनही डावे अर्धे जग गेले.

त्यानंतर घरच्यांनी जे केले ते आपण कुणीही केले असते. पाण्याचा पेला हातात, मिस्सेला जाताना दंड धरलेला, बाजार बंद, जिना बंद. काका दिवसभर खुर्चीत. एकदा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर बाई काकींना म्हणाल्या, “त्यांना जरा धडपडू द्या.” काकींना राग आला. आजारी माणसाला धडपडू द्यायचे ही कुठली माया?

त्या तसे का म्हणाल्या असतील? लहानपणीच दृष्टी गेलेल्यांच्या मेंदूत पाहण्याची ती जागा ओस पडत असेल असे आपल्याला वाटते. १९९६ साली नोरिहिरो सादातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिले की अशी माणसे बोटांनी ब्रेल वाचत असताना नेमकी तीच जागा कामाला लागते. पुढे २००० साली एका जन्मांध बाईंची हकिगत प्रसिद्ध झाली. त्या ब्रेल वाचण्यात तरबेज होत्या. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली आणि त्यांचे ब्रेल वाचनच गेले. बोटांना ठिपके कळत होते, अक्षर कळत नव्हते! दादरला अंध मुलींची शाळा १९०० साली अॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी काढली. तिथे पिढ्यान्पिढ्या मुली बोटांनी वाचायला शिकल्या. त्यांच्या डोक्यात केवढी उलथापालथ होत असेल याची कल्पना मिलार्डबाईंना असणे शक्य नव्हते. त्यांनी मुलींना कामाला लावले, एवढेच.

दिल्लीतली गोष्ट तर मला अधिकच विचार करायला लावते. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मापासून अंध असलेल्या गरीब घरच्या मुलांवर उशिरा का होईना, शस्त्रक्रिया झाल्या. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची नोंद २०११ साली प्रसिद्ध झाली. हाताने चाचपलेली वस्तू त्यांना पट्टी काढल्यावर नुसत्या नजरेने ओळखता येईना. थोड्याच दिवसांच्या पाहण्याने येऊ लागली. नव्याने पाहणाऱ्यांना आधी नुसते तुकडे दिसतात, आणि वस्तू हलू लागली की ते जोडायला सोपे जाते, असेही सिन्हांच्या अभ्यासात आढळले. मार्कच्या शुभवर्तमानातला बेथसैदाचा आंधळा आठवा. त्याला पहिल्यांदा माणसे चालत्या झाडांसारखी दिसली, आणि प्रभूने पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले. एका स्पर्शात का भागले नाही, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा.

मात्र खोटी आशा दाखवू नये. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मोठ्या वयात गेलेली बाजू थोडीफार परतली तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत. काकांची परतली नाही. त्यानंतर शिकायचे असते ते डोळे आणि मान मुद्दाम त्या बाजूला वळवायला, आणि ही सवय खुर्चीत बसून लागत नाही.

तेव्हा काकी चुकल्या का? मला तसे म्हणवत नाही. रिक्षा कुणासाठी थांबत नाही, आणि पडून मांडीचे हाड मोडले तर निस्तरायचे काकींनाच. पण आपण आजाऱ्याचा हात धरतो तो पुष्कळदा त्याच्यापेक्षा आपल्या भीतीसाठी, हेही खरे ना? माझ्या आईच्या आजारपणात मी तेच केले. तिच्या हातातली लाटणी मीच काढून घेतली होती. ती काही बोलली नाही.

काकींनी आधी चहा गाळायला दिला. दोनदा कप फुटले. मग जिना, मग कोपऱ्यावरचा भाजीवाला. काही दिवस त्या गुपचूप मागून जात.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर काका चर्चच्या पायऱ्या उतरत होते, प्रत्येक पायरीला मान डावीकडे वळवून. काकी दोन पायऱ्या मागे. मध्येच ते अडखळले. मी धावलो, तर काकींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “थांब रे, बघू दे त्यांना.”