अर्ध्या वर्षाचा मित्र

‘लहान मुलांचं काय, ती कुठेही रमतात.’ असं म्हणणाऱ्याला एकदा डिसेंबरात माळेगावला नाहीतर भवानीनगरला न्यायला हवं. दिवाळीच्या आसपास बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांभोवती कोप्या उभ्या राहतात. बीडकडची, पाथर्डीकडची माणसं ऊस तोडायला येतात. त्यांची मोजणी ‘कोयता’ या एककात होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोर कुठल्याच एककात बसत नाही.

जूनमध्ये ते गावच्या शाळेत जातं, कुणाशी तरी गट्टी जमते. सहामाही होते न होते तोच गाडी निघते. इथे साखरशाळा, नाहीतर जवळची झेडपीची शाळा. शिक्षणहक्क कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला, त्यामुळे वयाप्रमाणे वर्ग मिळतो, बाकही मिळतो. इथल्या कुणाशी ओळख होईपर्यंत हंगाम संपतो, पट्टा पडतो, बिऱ्हाड परत गाडीवर. आणि गावी त्या जुन्या मित्राशेजारी आता दुसराच कुणी बसत असतो.

असं मूल गप्प राहिलं की आपण त्याला लाजाळू, घुमं म्हणतो. मला तो स्वभाव वाटत नाही, ते वेळापत्रक आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, मैत्रीची इच्छा पटकन होते, मैत्री होत नाही. त्याआधी सोबत बरंच मीठ खावं लागतं. या पोराला प्रत्येक ठिकाणी अर्धंच मीठ मिळतं.

मग मित्र मिळणं हा मुलाचा हक्क म्हणायचा का? हक्क म्हटलं की कुणावर तरी कर्तव्य येतं, आणि ‘याचा मित्र हो’ असा हुकूम कुणालाच देता येत नाही. मान्य. पण वर्षभर एकाच बाकावर बसता येईल एवढी सोय तर करता येते. बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत: आईबाप फडात, मूल गावातच. मित्र टिकतो, पण सहा महिने आई नसते. आठ वर्षांच्या मुलासमोर ही निवड ठेवणं मला शाळा बुडण्याहून क्रूर वाटतं.

आईनं मागं राहावं, असं सुचवणं सोपं आहे. पण मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीनं. ती थांबली तर हिशेबात उरतो अर्धा कोयता, आणि उचलही निम्मीच.