दिलेला शब्द आणि दिलेले मत



डिसेंबर २०२५ मध्ये सातारा नगरपालिकेची आणि जानेवारी २०२६ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची निवडणूक झाली. आपल्या कुटुंबांतील काहींची नावे इकडच्या यादीत, तर काहींची तिकडच्या यादीत आहेत. काही वर्षे प्रशासकाच्या हाती असलेला कारभार पुन्हा लोकप्रतिनिधींकडे आला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या दिवसांत एका मावशींनी मिस्सानंतर विचारलेला प्रश्न आमच्या मनातून जात नाही. प्रश्न पापनिवेदनात नव्हे, चर्चच्या आवारात विचारलेला आहे आणि तो येथे मांडण्यास त्यांची संमती आहे. त्या म्हणाल्या, "फादर, रात्री माणसं आली. घरातली मतं मोजून पाकीट दिलं आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शब्द घेतला. आता शब्द मोडला तर पाप लागेल, आणि पाळायचा म्हटलं तर मन खातंय. मी काय करू?"

त्या शब्दात नेमके काय मागितले होते ते प्रथम पाहू. विधानसभेला आपण एकच बटण दाबतो. महापालिकेत बहुतेक प्रभागांतून चार नगरसेवक निवडले जातात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे मत द्यावे लागते. नगरपालिकेत प्रभागातील दोन जागा आणि नगराध्यक्ष अशी तीन मते असतात. प्रत्येक जागेच्या यादीत शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणही असते. म्हणजे "आमच्या पॅनेलला द्या" म्हणणाऱ्यांनी मावशींकडून चार निर्णय एका पाकिटात मागितले होते. त्या चार उमेदवारांपैकी मावशी फक्त एकाला ओळखत होत्या.

आता शब्दाविषयी. शेजारी गावी जाताना घराची किल्ली आपल्याकडे ठेवून गेला आणि आपण ती तिसऱ्याच माणसाला देण्याचा शब्द दिला, तर तो शब्द पाळणे हा प्रामाणिकपणा होईल काय? चूक शब्द देण्यात झाली. तो मोडण्यात नव्हे. हेरोद राजाने पाहुण्यांदेखत शपथ घेतली आणि ती मोडू नये म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद करविला. शपथ पाळली म्हणून त्याला कोणी सत्यवचनी म्हणत नाही. वाईट कृत्याची शपथ बंधनकारक नसते, हीच संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे.

कोणी म्हणेल, "किल्ली शेजाऱ्याची होती, मत तर माझे आहे. ते मी कोणालाही देईन." मत आपले आहे हे खरे, परंतु त्याचा परिणाम आपल्यापुरता नसतो. मावशींच्या मतांनी निवडून आलेला नगरसेवक शेजारणीच्या नळाचे पाणी, गल्लीतील गटार आणि कोपऱ्यावरचा दिवा यांचाही निर्णय करणार असतो. शेजारणीच्या मताने मावशींचेही असेच भले-बुरे होते. म्हणून मत ही आपल्याकडे दिलेली ठेव आहे. ठेव वापरावी लागते, विकता येत नाही.

ही ठेव आपल्या भागात कशी आली तेही आठवावे. ब्रिटिश अमलात नगरपालिकेतील मताचा हक्क मालमत्तेवर आणि करावर अवलंबून असे. गरिबाला तेथे स्थान नव्हते. १९३९ मध्ये औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्वराज्याची घटना लागू केली आणि गावांचा कारभार निवडून आलेल्या पंचायतींकडे सोपविला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्याच संस्थानातील आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. पुढे १९५० च्या संविधानाने प्रत्येक प्रौढाला, पैसा न विचारता, मत दिले. गरिबाचे मत विकत घेणारा त्याला पुन्हा जुन्या दिवसांत ढकलतो; कारण मग पैसेवाल्याचीच इच्छा चालते.

"पैसे घ्या, मत मात्र मनाप्रमाणे द्या," असा सल्ला बरेच जण देतात. तो चतुर आहे, परंतु निर्दोष नाही. भारतीय न्याय संहितेनुसार मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. शिवाय वाटलेला पैसा पुढे आपल्याच रस्त्यांतून वसूल होतो. तरीही हातावर पोट असलेल्या बाईचा आणि पाकिटे वाटणाऱ्याचा दोष आम्ही एकाच तराजूत तोलणार नाही.

"कोणी कोणाला मत दिले ते आम्हाला कळते," अशी भीतीही घातली जाते. यंत्रातून त्या मतदान केंद्राची एकूण मते कळतात. कोणत्या व्यक्तीने कोणते बटण दाबले हे कळत नाही. मत गुप्त ठेवण्यामागचा हेतूच हा की दुबळ्याला निर्भयपणे निवड करता यावी.

मावशींना आम्ही सांगितले, "हा शब्द तुम्हाला बांधत नाही. शब्द दिल्याबद्दल देवाची क्षमा मागा. पाकीट परत करता आले तर करा. भीती वाटत असेल तर ते पैसे स्वतःसाठी ठेवू नका, गरजूला द्या. चारही जागांच्या उमेदवारांची चौकशी करा. एकही योग्य वाटला नाही, तरच शेवटचे बटण दाबा."

हे सांगताना आम्हाला स्वतःची आठवण झाली. निवडणुकीच्या तोंडावर एक गृहस्थ चर्चच्या आवारात फरशी बसवून देतो म्हणाले आणि आम्ही लगेच "फार उपकार होतील" असे म्हणून गेलो. पाकीट नव्हते, म्हणून आम्हाला ते पाकीट वाटले नाही. दोन दिवसांनी पॅरिश कौन्सिलशी बोलून आम्ही त्यांना कळविले की, निकालानंतर या, आनंदाने स्वीकारू. निकाल लागून गेला; ते आले नाहीत. यंदाच्या पावसातही आपल्याला चिखलातूनच मिस्साला यावे लागेल. त्याबद्दल आपण आम्हाला क्षमा कराल, अशी आशा आहे.

प्रभू आपणा सर्वांना सुबुद्धी देवो.

आपले धर्मगुरू