शौच: स्वतःपुरते की सर्वांसाठी?

नाशिकच्या रामकुंडात स्नान केल्याने पापक्षालन होते असे मानणारा भाविक आणि मैलामिश्रित पाण्यातून पटकी, विषमज्वर पसरतात असे सांगणारा आरोग्यसेवक हे एकमेकांचे विरोधक आहेत, असा समज रूढ असला तरी धर्मपरंपरा तपासून पाहिल्यास तो टिकत नाही. पतंजलीने सांगितलेल्या पाच नियमांत, म्हणजे साधकाने स्वतः पाळावयाच्या व्रतांत, शौच अर्थात देह व मनाची शुद्धी अग्रस्थानी आहे. मनुस्मृतीनेही पाण्यात मलमूत्र टाकण्यास व थुंकण्यास मनाई केली आहे. तीर्थ पवित्र असल्यामुळे ते आपोआप निर्मळ राहील, असे शास्त्रकारांनीही गृहीत धरले नव्हते.

खरी उणीव वेगळीच आहे. शौच हे कर्त्याच्या पुण्यापुरते उरले, की देवघर लख्ख राहते आणि सांडपाणी मात्र शेजाऱ्याच्या दारात जाते. एवढेच नव्हे, तर गावाची घाण उचलणारा माणूसच अपवित्र ठरतो. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकमध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिरप्रवेश सत्याग्रहाने शुद्धतेच्या या अमानुष कल्पनेलाच आव्हान दिले.

गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) ही उणीव कृतीने भरून काढली. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून जागे करायचे, हा त्यांचा परिपाठ होता. नाशिकसारख्या तीर्थक्षेत्री त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळाही उभारल्या. पुढे शासनाने त्यांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अशा कामाचे मर्म अगदी साध्या सवयींत असते. माठात पेला बुडवताना नखांतील मळ पाण्यात उतरतो आणि एकाच्या हातचे जंतू सगळ्या घराच्या पोटात जातात. लांब दांड्याचे ओगराळे वापरल्यास बोटे पाण्याला लागतच नाहीत. शौचाहून आल्यावर साबणाने हात चोळले, की त्वचेवरील तेलकट थर सुटतो व त्याला चिकटलेले जंतू धुऊन जातात. परंपरेने वापरल्या जाणाऱ्या मातीने हे खात्रीने साधत नाही, कारण तीच दूषित असू शकते. म्हणून शौचाचा हेतू कायम ठेवून साधन बदलणे यात कोणताही धर्मभंग नाही.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वकाळी लाखो भाविक रामकुंडाच्या घाटांवर उतरतात. त्यांनी निर्माल्य व जुने कपडे गोदावरीत न सोडणे आणि काठावर उघड्यावर शौचास न बसणे हा स्नानविधीचाच अनिवार्य भाग मानावा, आणि हे स्नानाच्या संकल्पाबरोबरच तीर्थपुरोहितांनी यजमानांना सांगावे.