कुळाच्या नावाचा खर्च

कुलसंमेलनांचा हंगाम सुरू झाला की दोन प्रकारचे लेख हमखास वाचायला मिळतात. एकात मूळ पुरुष, कुलदैवत, पेशवाईतली एखादी सनद आणि आजच्या पिढीला वळण राहिले नाही ही खंत असते. दुसऱ्यात या सगळ्याची टर उडवलेली असते. पहिल्या प्रकारावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. सभ्यता रक्तातून उतरत असती, तर वाटणीचे दावे तीन-तीन पिढ्या चालले नसते.

दुसऱ्याला मात्र उत्तर दिले पाहिजे, कारण तो हुशार आहे आणि निम्मा खरा आहे. त्याचे म्हणणे असे: दिलेला शब्द पाळणे, आवाज न चढवणे, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणे हे सारे वतनाच्या उत्पन्नावर पोसलेले गुण. शेतात दुसरे राबत होते म्हणून ओसरीवरचा मालक मृदू बोलू शकत होता. १९४८ चा कूळ कायदा आला, पुढे वतने खालसा होत गेली आणि पाठोपाठ ती दिलदारीही आटली. उरली ती जातीची मिजास. तिला सभ्यता म्हणणे ही शुद्ध फसवणूक.

हे खरे असते, तर वतनदार हा महाराष्ट्रातला सर्वांत उदार माणूस ठरायला हवा होता. जुने महजर आणि निवाडपत्रे चाळली की चित्र उलटे दिसते. पाटीलकीचा वडीलपणा कोणाचा, होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, विडा पहिला कोणाला, यांवरून सख्ख्या भावांच्या घरांत पिढ्यान्पिढ्या वैर. वतनाने माणसाला मान दिला, आणि मानाने त्याला मोठ्या मनाचे नव्हे तर चटकन दुखावले जाणारे केले. टीकाकार म्हणेल, आम्ही वेगळे काय म्हणतो? वेगळेच म्हणता. तुमच्या मते सुबत्ता गेली म्हणून सभ्यता गेली. मला दिसते ते हे, की सुबत्ता होती तेव्हाही ती तिथे क्वचितच वस्तीला होती.

मग कुठे होती? गोपाळ कृष्ण गोखल्यांचे घर पाहा. जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. वडील कागलला साध्या नोकरीवर. ते लवकर वारले, तेव्हा थोरल्या भावाने शिक्षण सोडले आणि पंधरा रुपयांच्या पगारातले आठ रुपये धाकट्याला पाठवले. या घराण्याचा वारसा म्हणायचा तर तो एवढाच. १८९७ मध्ये गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत गेले असताना पुण्याहून पत्रे आली: प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केले आहेत. गोखल्यांनी तो आरोप तिथल्या वृत्तपत्रातून केला. परत आल्यावर पुरावा उभा राहीना. कळवणाऱ्यांची नावे सांगितली असती, तर जबाबदारी त्यांच्यावर ढकलता आली असती. पण प्लेग-अधिकारी रँडच्या खुनानंतर सरकार खवळले होते, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. अशा दिवसांत नाव उघड होणे म्हणजे काय, हे सांगायला नको. गोखल्यांनी नावे गिळली आणि स्वतःच्या सहीने बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांना भेकड ठरवले, आणि तो डाग बरीच वर्षे पुसला गेला नाही.

ही इंग्रजी जंटलमनची नक्कल होती, असे म्हणणारे आहेत. नक्कल टाळ्यांसाठी करतात. इथे पदरी शिव्या आल्या.

अधिक नेटका आक्षेप असा, की गोखले गरीब असले तरी ब्राह्मण होते. अक्षरांची पिढीजात शिदोरी त्यांच्याजवळ होती. मान्य. ज्यांच्या वाट्याला वारसा म्हणून राबणूकच आली, त्यांचे काय? महारवतनही पिढीजातच होते: तुटपुंजी जमीन, थोडे बलुते आणि त्या बदल्यात रात्री-अपरात्री हाक येईल तिथे धावायचे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्या वतनाविरुद्ध विधेयक आणले. तिथे वारसा नाकारणे हीच इभ्रत होती. म्हणून वारसा राखला की माणूस सभ्य आणि मोडला की उथळ, हा हिशेब कुठेच लागू पडत नाही. टीकाकाराचा उलटा हिशेबही नाही.

त्याचे एक बोट मात्र नेमक्या जागी आहे, हे मी दडवणार नाही. ज्या घरांत पुरुष हळू आवाजात बोलत, त्याच घरांत बालविधवेच्या केशवपनावर कुळाची अब्रू तोलली जात होती. आजही जातीबाहेर लग्न केले म्हणून मुलीचा जीव घेणारा बाप अब्रूचेच नाव घेतो. म्हणजे घराण्याची लाज वाटणे पुरेसे नाही. गोखल्यांनाही लाज वाटली आणि त्या बापालाही वाटते. माझ्या लेखी सगळा फरक एका ठिकाणी आहे: त्या लाजेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो? गोखल्यांनी तो स्वतः भरला. तो बाप मुलीकडून वसूल करतो. खानदानीपणाची बाकीची लक्षणे, म्हणजे भाषा, पोशाख, पंगतीतले आग्रह, मला या प्रश्नापुढे दुय्यम वाटतात. कदाचित मी त्यांना जरुरीपेक्षा कमी लेखत असेन.

या कसोटीला मोठा प्रसंग लागत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला. २००५ पासून तो देशभर आहे. तरी वडील गेले की बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. 'आपल्या घराण्यात मुली वाटा मागत नाहीत' हे वाक्य अत्यंत अदबीने, चहा पुढे करत, माहेर तुटण्याची धास्ती नुसती सुचवून उच्चारले जाते. ती सही करते आणि घराण्याची रीत टिकते, तिच्या खर्चाने. दुसरा एखादा भाऊ बहिणीने विषय काढण्याची वाट न पाहता तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज देतो आणि सातबाऱ्यावर स्वतःच्या नावाबरोबर तिचेही नाव लावून घेतो. भाऊबंद त्याला खुळ्यात काढतात. बायकोही दोन दिवस बोलत नाही.