जाहिरातींतलें सत्य

‘अॅना ख्रिस्टी’ हा बोलपट १९३० सालीं निघाला, तेव्हां मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीची जाहिरात अवघ्या दोन शब्दांची होती: ‘गार्बो बोलते!’ मूकपटांतून गाजलेल्या या स्वीडिश नटीचा आवाज प्रेक्षकांनीं तोंवर पडद्यावर ऐकला नव्हता. तेव्हां जाहिरातींत खोटें असें कांहींच नव्हतें. पण ती बोलते काय? यूजीन ओनीलच्या नाटकावरून घेतलेल्या या प्रेमकथेंतली अॅना आपलें वेश्यागृहांतलें पूर्वायुष्य बापाला व प्रियकराला तोंडावर सांगते. साऱ्या कथेचा भार त्या कबुलीवर आहे. कंपनीनें विकावयास काढला तो मात्र नुसता कंठ. अशा जाहिरातीस असत्य म्हणतां येत नाहीं, आणि प्रामाणिक म्हणण्यास मी तरी कचरतों. आवाजासाठीं आलेल्यांना ती कबुलीहि ऐकावी लागली, हें खरें. पण तिकीट त्यांनीं तिच्यासाठीं काढलें नव्हतें.